पाव फेरा

नारायणगुडा, हैदराबाद
८ नोव्हेंबर २०२४

चि. मृण्मयीस, मंगलामावशीचा आशीर्वाद.

फराळ पोचल्याचा तुझ्या आईचा मेसेज आला. चकल्या मोडल्या असतील तर कुरिअरवाल्याला बोला, मला नाही.

फोन न करता लिहिते आहे. फोनवर तू बोलतेस आणि मी नुसती हौ-हौ करते, हे तुलाही ठाऊक आहे. कानातलं यंत्र आता नावापुरतं उरलंय. आणि काम असं आहे की तुझं उत्तर मला हातात धरून वाचायला लागेल.

काम गाडीचं. आपली फियाट. हर्षद दुबईहून रोज तेच तेच ऐकवतो : मम्मी, गाडी काढून टाक. तिकडे जुबिली हिल्सला कोणी कॉफीचं दुकान काढतंय, त्याला जुनी गाडी पाहिजे. चालवायला नाही. मधोमध कापून पुढचा अर्धा भाग भिंतीत बसवायचा आणि बॉनेटवर कप ठेवायचे. मी म्हटलं, "अरे, चालती गाडी कोणी कापतं का?" तर म्हणतो, "चालते कुठे? चालू होते आणि मरते." संक्रांतीला तो येतोय. तोवर गाडी नीट चालायला लागली तर राहील, नाहीतर कापायला जाईल, असं आमचं ठरलं आहे.

मरते हे खरं. तुझे काका गेल्यापासून मी रोज सकाळी खालच्या गाळ्यात जाते, गाडी चालू करते, आणि डावीकडे माझ्या जागेवर सरकून बसते. अडतीस वर्षं मी तिथेच बसले. चहा घेते. अर्धा कप होईतो इंजिन बंद. तुझे काका म्हणायचे, गाडी रोज एक चहाभर तरी चालली पाहिजे. आता अर्ध्या चहाला पण नक्को म्हणते.

याकूबभाईंनी गॅरेज बंद केलं. कोपऱ्यावर नवा मेकॅनिक आलाय, त्याला दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आंटी, इसमें लॅपटॉप कहाँ लगाते?"

तुझी आई सांगते, तू कंपनीत इंजिनांचा धूर मोजतेस. मग हे तुला आलं पाहिजे. मला ऐकू येत नाही हे धरून लिही.

तुझी,
मंगलामावशी


पुणे
१४ नोव्हेंबर २०२४

ती. मंगलामावशीस, मृण्मयीचा नमस्कार.

पत्र मिळालं. चकल्या मोडल्या नव्हत्या.

तू लिहिलंस त्यावरून आयडलिंग बिघडलं आहे. म्हणजे पाय अॅक्सिलरेटरवर नसताना इंजिनाने स्वतःच्या बळावर जेवढं फिरायला हवं, तेवढं ते फिरत नाही. हे कार्बोरेटरवर दोन स्क्रूंनी ठरतं. मी कामावर नव्या इंजिनांवर असते, पण कॉलेजात अशी इंजिनं खोलली आहेत. मी काहीच गृहीत धरत नाही, म्हणून सगळं लिहिते.

आधी इंजिन पूर्ण गरम होऊ दे. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग फुकट जातं. बंद पडलं तर पुन्हा चालू कर, अॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेव. तापमानाचा काटा मधोमध आला की चोक पूर्ण आत ढकल. हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, दिवे आणि पंखा बंद.

बॉनेट उघड. पदर खोचून घे, केस बांध, पंख्याच्या पट्ट्याजवळ हात नेऊ नकोस. हवेच्या फिल्टरच्या गोल डब्याखाली कार्बोरेटर आहे. त्याच्या बाजूला, अॅक्सिलरेटरची तार येते तिथे एक स्क्रू आहे. तो वेगाचा. घड्याळाच्या दिशेने फिरवला की वेग वाढतो. खाली बुडाशी दुसरा आहे, तो पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाचा. आत घेतला की पेट्रोल कमी होतं, बाहेर काढला की वाढतं. आधी वेग थोडा वाढव. मग मिश्रणाचा स्क्रू हळूहळू आत घे, इंजिन अडखळायला लागेल. तिथून बाहेर काढत ये, ते पुन्हा गुळगुळीत होईल. तिथे थांब. शेवटी वेग कमी करून आण.

एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर थांबून बघ.

ऐकू येत नसेल तर तळहात मडगार्डवर ठेव. थरथर एकसारखी असली पाहिजे. काही सुटलं असेल तर कळव.

मृण्मयी


नारायणगुडा
२१ नोव्हेंबर २०२४

चि. मृण्मयीस आशीर्वाद.

झालं! गाडी चहाभर चालते!

तुझं पत्र क्लिपने बॉनेटच्या दांडीला लावलं आणि ओळीवर बोट ठेवून एकेक केलं. पहिल्यांदा सगळं उलटं केलं. घड्याळाच्या दिशेने म्हणजे वरून बघून की खालून, हे तू लिहिलं नाहीस, बाईसाहेब. स्क्रू तर खाली तोंड करून बसलाय.

तळहाताने मला काही कळेना. माझा हातच थरथरतो, गाडीचा हिशेब कसा लावायचा? मग मी काय केलं सांगू? देवाजवळची स्टीलची वाटी आणली, अर्धी पाण्याने भरली आणि त्या गोल डब्यावर ठेवली. इंजिन अडखळलं की पाणी काठावरून उडतं. बरं चाललं की नुसती बारीक वर्तुळं उठतात, कढईतलं तेल तापताना हलतं तशी. पाव फेरा, वाटी बघ. पाव फेरा, वाटी बघ. असं करत करत पाणी एकदम शांत झालं. मृण्मयी, मला ऐकू आलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता. वाटी आता मी डॅशबोर्डवर ठेवते. डावीकडे बसून चहा घेता घेता इंजिन दिसतं.

वरच्या मजल्यावर ऋचा राहते, पुण्याचीच आहे, कॉम्प्युटरवर कामाला. तिचा नंबर पत्राच्या मागे लिहिलाय, अडीअडचणीला. तिला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "आंटी, तुम्ही स्टार्टअप काढा."

बाकी ठीक. डोकं जरा धरतं सकाळचं, चष्म्याचा नंबर वाढला असणार. काल दूध गॅसवर ठेवून विसरले. आणि ती पिवळी मांजर, पिल्लं घालायला गाळ्यात येऊन बसली होती ना, ती गेली पिल्लं घेऊन. तिला गाडीचा आवाज सोसला नाही वाटतं. मला काय, मला सगळंच शांत.

हर्षदला सांगितलं. "बघू" म्हणाला.

मंगलामावशी


पुणे
२७ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस नमस्कार.

वाटीची कल्पना चांगली आहे. आमच्याकडे थरथर मोजायला सेन्सर असतो, तोही जवळजवळ हेच करतो. दिशेबद्दल तुझं बरोबर आहे. स्क्रूच्या डोक्यासमोर तोंड करून बघायचं, हे मी लिहायला हवं होतं.

दुधाबद्दल : गॅसजवळ टायमर ठेव. डोक्याबद्दल : नंबर तपासून घे, चष्मा जुना आहे. सोबत रक्तदाबही बघ. मांजरीबद्दल : आवाजापेक्षा वासाने गेली असेल. मिश्रणात पेट्रोल अजून थोडं जास्त असावं. साधारण तसंच होतं, कारण जास्त पेट्रोलवर इंजिन मऊ चालतं आणि माणूस तिथेच थांबतो. मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा आत घेऊन बघ. पाणी हललं तर पुन्हा होतं तिथे आण.

इंजिन आता स्वतःहून बंद पडत नसेल तर काम झालं आहे. हर्षदला सांग, चालती गाडी आहे.

मृण्मयी


नारायणगुडा
४ डिसेंबर २०२४

चि. मृण्मयी,

पाव फेरा आत घेतला तर पाणी हललं, म्हणून होतं तिथेच आणलं. आता काय चालते सांगू! बंदच पडत नाही. पूर्वी अर्ध्या कपात मरायची तेव्हा मी उठून घरात जायचे. आता चहा संपला तरी बसून राहते. कधी कधी डोळा लागतो. जाग येते तर वाटी तशीच, पाणी तसंच.

चष्म्याचा नंबर वाढलेला नाही. डॉक्टर म्हणाले बीपी पण ठीक. तरी डोकं आहेच. परवा पायऱ्या चढताना गुडघे गेले, ऋचाने धरलं. वय झालं म्हणायचं. सुलतान बाजारात गेले आणि काय घ्यायला आले तेच विसरले, तशीच परत आले. हर्षदला हे सांगू नको, नाहीतर गाडीच्या आधी मलाच हलवेल.

आवाजाचं म्हणशील तर तो मी बंदोबस्त केलाय. मागे ऋचाच म्हणाली होती, सकाळी तिची मीटिंग असते, गाडीचा आवाज वर येतो. भली पोरगी, दहा वेळा सॉरी म्हणाली. आता मला काय कळणार आवाज किती होतो? म्हणून मी शटर पूर्ण खाली ओढून घेते. म्हटलं, आपल्याला ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्याला त्रास नको.

आत बसलं की छान वाटतं. तुझे काका असेच गेले, तुला माहीत आहे ना? गाडीतच. चहा घेऊन गेले तर स्टिअरिंगवर हात ठेवून झोपलेले. थंडी होती आणि यांना खोकला, म्हणून त्या दिवशी मीच बाहेरून शटर ओढलं होतं. इंजिन चालूच होतं, मीच बंद केलं. डॉक्टर म्हणाले, हार्ट. पण चेहरा इतका चांगला होता मृण्मयी, गाल गुलाबी, लग्नात होते तसे. सगळे म्हणाले, भाग्याचं मरण. मला पण

आज अक्षर वाकडं येतंय. उरलेलं नंतर लिहिते.

मं.


[मेसेज, ऋचाला, ९ डिसेंबर, सकाळ]

ऋचा, मी मृण्मयी, मंगलामावशीची भाची. फोन उचला.

फोन उचला. कट करू नका.

खाली गाळ्यात जा. आत्ता. शटर पूर्ण वर करा. श्वास रोखून आत जा, किल्ली फिरवून इंजिन बंद करा, मावशीला बाहेर रस्त्यावर आणा. आत थांबू नका. १०८ला फोन करा, गाडीचा धूर कोंडला आहे असं सांगा.

पत्र आत्ता बसमध्ये उघडलं. तिला फोन ऐकू येत नाही. तुमच्याशिवाय तिथे कोणी नाही.


[ईमेल]

१० डिसेंबर २०२४

मृण्मयी,

काल फोनवर मला धड बोलता येत नव्हतं, म्हणून लिहिते आहे. आंटी शुद्धीवर आहेत. आज सकाळी त्यांनी नर्सला विचारलं, "चाय में शक्कर इतनी कम कायकू?" तेव्हा मी बाहेर जाऊन रडून आले. ऑक्सिजन अजून चालू आहे.

मी तुमचे कॉल कट करत होते. माझी मीटिंग चालू होती. मेसेज वाचला तेव्हा मला वाटलं चुकून आला आहे, कारण गाडी चालू असेल असं वाटतच नव्हतं. आवाजच नव्हता. मी जिना उतरून शटरला हात लावला आणि तेव्हा ते हाताला बारीक थरथरलं.

एकटीला उचलेना. समोर इडलीचा गाडा लावतात ते अण्णा धावत आले. दोघांनी मिळून वर ढकललं. काळा धूर असेल असं मला वाटलं होतं. काही नव्हतं. नुसती गरम हवा आणि पेट्रोलचा हलका वास. आंटी डावीकडे बसल्या होत्या, मान खिडकीला टेकलेली, मांडीवर कप. अण्णा "अम्मा, अम्मा" ओरडत होते आणि त्या हसल्यासारख्या दिसत होत्या. मी किल्ली फिरवली. समोर पाण्याची वाटी होती. ते पाणी मी विसरू शकत नाही. जवळजवळ हलतच नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, बंद जागेत इंजिन का चालू होतं? मी काय सांगणार? शटर माझ्यामुळे खाली आलं. मीच म्हटलं होतं, आंटी, जरा आवाज होतो. त्या म्हणाल्या, सॉरी बेटा, मला कळत नाही ना. दुसऱ्या दिवसापासून आवाज बंद. मला वाटलं, त्यांनी गाडी चालू करणंच सोडलं.

थोडा उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले. 

हर्षद उद्या पोचतो आहे.

ऋचा


पुणे
१५ डिसेंबर २०२४

ती. मावशीस नमस्कार.

हर्षदने कळवलं की तू घरी आलीस. हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे.

पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो. बंद जागेत आधी डोकं दुखतं, मग विसरायला होतं, गुडघे जातात, झोप येते. तू यातलं प्रत्येक लक्षण मला लिहिलंस. मी एकेकाला वेगळं उत्तर दिलं : चष्मा, रक्तदाब, टायमर. मांजरीच्या जाण्याला वासाचं कारण दिलं.

मी हाच वायू मोजायची नोकरी करते. आमच्याकडे इंजिन सुरू करण्याआधी त्याच्या नळीला दुसरा जाड पाइप लावलेला असतो, तो धूर इमारतीबाहेर नेतो. तो कोण लावतं हे मला माहीत नाही. मी आत जाते तेव्हा तो असतोच. म्हणून हँडब्रेक लिहिला, पदर लिहिला, पाव फेरा लिहिला, आणि शटर उघडं ठेव हे लिहिलं नाही. 

आणखी एक. जुनं सेटिंग बिघडलेलं होतं म्हणून इंजिन अर्ध्या कपात बंद पडत होतं. तू उठून घरात जात होतीस. ते बिघडणंच तुला वाचवत होतं. मी ते दुरुस्त केलं.

ऋचाला काही बोलू नकोस. ती जेवत नाही असं हर्षद म्हणाला.

गाडी चालू करू नकोस. किल्ली हर्षदकडे दे. मला रजा मिळाली आहे, २८ला येते.

मृण्मयी


नारायणगुडा
२१ डिसेंबर २०२४

चि. मृण्मयीस आशीर्वाद.

अक्षर बघ, सरळ आलंय.

किल्ली हर्षदकडे आहे. दिवसभर खिशात घालून फिरतो, जसं काही मी चोरणारच आहे. काल म्हणाला, "मम्मी, तू गेली असतीस." मी म्हटलं, "मग गाडी कापायला कोणी अडवलं नसतं तुला." हसेल असं वाटलं होतं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. ऋचाला मी समोर बसवून जेवायला घालते. तिच्या ताटात भाकरी टाकली की ती सॉरी म्हणते. मी म्हणते, सॉरी नक्को, भाजी घे.

तुझ्यावर माझा राग नाही. हे तू चार वेळा वाच, चार वेळा लिहिलंस ना.

आता माझं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी यंत्र कानात घातलं तेव्हा डॉक्टर शिकाऊ मुलींना माझ्या पलंगाशी शिकवत होते. असे पेशंट कसे दिसतात ते सांगत होते. मला सगळं ऐकू आलं नाही. पण त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावून 'गुलाबी' म्हटलं, तेवढं कळलं.

घरी आले आणि तुझ्या पत्राची वाट बघत बसले. माझ्या पत्रातली एक ओळ तू कधी सोडत नाहीस. चकलीला पण उत्तर देतेस. दुधाबद्दल, डोक्याबद्दल, मांजरीबद्दल, असं लिहितेस. या वेळी सगळं लिहिलंस. गुडघ्याचं लिहिलंस, झोपेचं लिहिलंस. माझ्या शेवटच्या पत्रातली अर्धं पान भरून लिहिलेली गोष्ट मात्र जणू मी लिहिलीच नव्हती.

तेव्हा मला कळलं. तरी विचारते, कारण तू धुराचं काम करतेस आणि दुसऱ्या कोणाला मी हे विचारू शकत नाही.

तुझे काका हार्टने गेले का? हो की नाही, एवढंच लिही. 'निश्चित सांगता येत नाही' असं लिहू नको. हर्षदला यातलं काही माहीत नाही आणि माझ्याकडून कळणार नाही. शटर मी ओढलं होतं हे त्याला माहीत नाही. आता तुला आणि मला.

गाडीचं काय करायचं ते तुझं उत्तर आल्यावर ठरवते.

तुझी,
मंगलामावशी


पुणे
२४ डिसेंबर २०२४

ती. मावशीस नमस्कार.

'निश्चित सांगता येत नाही' असं मी लिहिलं होतं. तपासणी झाली नव्हती, त्यामुळे ते चूकही नाही. तो कागद फाडला.

नाही, मावशी. मला वाटतं ते हार्टने गेले नाहीत.

तू ९ तारखेला हसल्यासारखी दिसत होतीस, असं ऋचाने लिहिलं आहे. तुला त्या सकाळचं काय आठवतं ते मी हर्षदला विचारलं. काहीच नाही, फक्त चहा गोड होता, असं तू सांगितलंस म्हणे. काकांबद्दल मला यापलीकडे माहिती नाही. पण ती जागा तू आतून बघून आली आहेस, आणि तिथे भीती नव्हती. हे मी मापून सांगू शकत नाही. तू सांगू शकतेस.

२८ला सकाळी पोचते. गाडी ठेवायची असेल तर हर्षद आणि इडलीवाल्या अण्णांकडून ती गल्लीत ढकलून घे, झाडाखाली नाही, उघड्यावर. मिश्रण अजून पाव फेरा आत घ्यायचं आहे, ते मी करेन. आवाज होईल. ऋचाला सांग, होऊ दे. कापायला द्यायची असेल तर गाळ्यातच राहू दे. मला आल्यावर कळेल, तू लिहायची गरज नाही.

वाटी मात्र धुऊन देवाजवळ ठेवू नकोस. लागली तर लागेल.

मृण्मयी


[मेसेज, मृण्मयीला, २८ डिसेंबर, पहाटे]

मी ऋचा. स्टेशनवरून रिक्षा केली की कळवा. रिक्षावाल्याला सांगा, गल्लीत आतपर्यंत येणार नाही. मध्ये फियाट उभी आहे. आंटी डावीकडे बसल्या आहेत, चारी काचा खाली करून, शाल घेऊन. गाडी बंद आहे. चहा तुमच्यासाठीही ठेवला आहे.